ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहिला की बॅटरी डाऊन: मीटर लावून करंट कुठं जातो ते कसं शोधायचं

लक्षण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. ट्रॅक्टर संध्याकाळी वावरातून आला, गोठ्यापाशी उभा केला, दुसऱ्या दिवशी पाऊस म्हणून काढलाच नाही, तिसऱ्या दिवशी चावी फिरवली तर नुसतं टक्-टक्, डॅशबोर्डवरचे दिवे मंद होऊन विझतात, मग चार पोरं गोळा करून धक्का द्या नाहीतर शेजारच्याचा ट्रॅक्टर बाजूला लावून वायरी जोडा. एकदा चालू झाला की दिवसभर काहीच त्रास नाही, म्हणून माणूस विसरूनही जातो. मग तालुक्याला बॅटरीवाल्याकडं नेली की तो रात्रभर चार्जिंगला ठेवतो नाहीतर सरळ सांगतो, "गेली भाऊ, नवीन टाका." नवीन टाकली की थोडे दिवस बरं चालतं, कारण नवीन बॅटरीत दम जास्त असतो, आणि मग तीही तशीच उतरून राहते. तेव्हा सगळे म्हणतात की आजकाल बॅटऱ्याच खराब येतात. येतही असतील, पण आधी मोजा तरी.

मोजायला मोठं काही लागत नाही. तो पिवळा डिजिटल मल्टीमीटर, दोन-तीनशे रुपयांत इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, गावात जो कोणी विहिरीवरच्या मोटारीचे स्टार्टर दुरुस्त करतो त्याच्याकडं असतोच. सोबत १० नंबरचा आणि १३ नंबरचा पाना, इंडिकेटरचा एक २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट, आणि थोडी वायर. बस्स.

पहिले हे ठरवा की दोष बॅटरीत आहे, चार्जिंगमध्ये आहे, की उभ्या उभ्या करंट कुठं गळतोय. तिन्हीचं लक्षण एकच, इलाज वेगवेगळा. ट्रॅक्टर चालवून आणल्यावर दोन-चार तास थांबा, मग मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन खुंट्यांवर टोकं लावा. खुंट्यांवर बरं का, क्लॅम्पवर नाही, क्लॅम्पखाली पांढरी बुरशी जमली असेल तर तिथंच फसगत होते. १२.६ च्या आसपास म्हणजे फुल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली की सेल्फ मारायची आशा सोडा. आता इंजिन चालू करून थोडी रेस देऊन पुन्हा बघा, १३.८ ते १४.५ मध्ये असलं तर अल्टरनेटर चार्ज करतोय. चालू इंजिनवरही १२.५ च दिसत असेल तर पट्टा, अल्टरनेटर, त्याची वायर बघा, या लेखातलं पुढचं तुमच्यासाठी नाही.

चार्जिंग ठीक निघालं तर हा प्रयोग करा. बॅटरी फुल करून तिचा निगेटिव्ह क्लॅम्प काढून ठेवा, व्होल्टेज लिहून ठेवा, आणि जितका वेळ उभा राहिल्यावर ट्रॅक्टर बंद पडतो तितका वेळ तसाच राहू द्या. क्लॅम्प काढलेला असतानाही व्होल्टेज १२.२ वर आलं तर बॅटरीच आतून मेली, कुठलाच वायरमन कामाचा नाही. हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजायची काचेची नळी, असेल तर सहाही सेल तपासा, एखाद्या सेलचं रीडिंग बाकीच्यांपेक्षा ५० पॉइंटनं खाली, म्हणजे बाकीचे १.२५० आणि तो १.२००, तर तो सेल गेला समजा. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा चांगली बॅटरीही एरवीपेक्षा लवकर उतरते आणि पाणीही जास्त खाते, ते वेगळं. पण क्लॅम्प काढल्यावर व्होल्टेज जसंच्या तसं आणि लावल्यावर दोन दिवसांत खलास, तर बॅटरीचा काही दोष नाही, कोणीतरी पितंय.

त्याच्याही आधी एक फुकटातली तपासणी. मीटर व्होल्टवरच ठेवा, काळं टोक निगेटिव्ह खुंटीवर आणि लाल टोक बॅटरीच्या वरच्या प्लॅस्टिकवर फिरवा. प्लॅस्टिकवर खरं तर काहीच दिसायला नको. धूळ, तेल आणि ॲसिडचा ओलसर थर बसला असेल तर तिथं व्होल्ट दिसतात, म्हणजे बॅटरी स्वतःच्याच टोपणावरून करंट वाहवतेय. बुचं घट्ट लावा, खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून ब्रशनं घासा, भरपूर साध्या पाण्यानं धुवा, पुसून कोरडी करा. सोडा आत सेलमध्ये जाऊ देऊ नका. याच्यानं सगळा प्रॉब्लेम सुटेल असं नाही, पण पुढची मापं तरी स्वच्छ येतील.

आता मुख्य काम, अँपिअर मोजायचं. इथं घाई करणारे मीटर जाळतात.

चावी काढा, लाइट बंद. निगेटिव्हचा क्लॅम्प सोडवा, नेहमी निगेटिव्हच आधी, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते आणि चार्जिंगवरून नुकत्याच काढलेल्या बॅटरीभोवती हायड्रोजन असतो, म्हणून बिडी-सिगारेटवाल्याला दूर बसवा आणि हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. निगेटिव्ह खुंटीवर एकच जाड वायर आहे की दोन-तीन आहेत ते बघा. कोणीतरी हॉर्नची नाहीतर टेपची अर्थिंगची (निगेटिव्ह) वायर थेट खुंटीला बांधलेली असते, ती वायर तशीच राहिली तर करंट मीटरला वळसा घालून निघून जातो आणि तुम्हाला शून्य दिसतं. सगळ्या वायरी सोडवून एकत्र धरायच्या.

मीटर लगेच लावू नका. आधी तो २१ वॅटचा बल्ब खुंटी आणि सोडवलेली वायर यांच्यामध्ये जोडा. बल्ब लख्ख पेटला तर गळती मोठी आहे, अँपिअरच्या पुढची, ब्रेक लाइट चालू राहिलाय की आणखी काय ते आधी डोळ्यानं शोधा. ब्रेक लाइटचं खरंच होतं असं, काही गाड्यांना ब्रेक लाइट चावीशिवायही लागतो, पेडलखाली काळ्या मातीचं ढेकूळ अडकलं की स्विच दबलेलाच राहतो, मागचे २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे साडेतीन अँपिअर, दिवसा उजेडात कोणाला दिसतही नाही आणि रात्रीतून अर्धी बॅटरी साफ. बल्ब अगदी मंद लाल झाला किंवा लागलाच नाही तर मीटर लावायला हरकत नाही.

मीटरची लाल वायर मधल्या भोकातून काढून १० अँपिअरच्या भोकात टाका, चकती १० अँपिअरवर. मीटर त्याच जागी, खुंटी आणि वायर यांच्यामध्ये. दोन खुंट्यांवर आडवा कधीच नाही, आडवा लावला म्हणजे तुम्ही बॅटरी शॉर्ट केली, या स्वस्त मीटरना १० अँपिअरच्या भोकात बहुतेक फ्यूजसुद्धा नसतो. आणि मीटर लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, चावीसुद्धा फिरवायची नाही, स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो. पोरांना आधीच सांगून ठेवा, कारण कोणीतरी उत्साहात सीटवर चढतोच. आकडा मायनसमध्ये आला तर घाबरू नका, टोकं उलटी लागलीत एवढंच.

आकड्याचा अर्थ असा लावा. साध्या ट्रॅक्टरला, ज्याला कॉम्प्युटर वगैरे काही नाही, चावी काढल्यावर ०.०० यायला पाहिजे. नव्या पिकअपला किंवा कारला ०.०२ ते ०.०५ असतंच, घड्याळ, लॉक, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) यांची मेमरी चालते. गुणाकार करून बघा म्हणजे समजतं. ०.०५ ला दिवसाचे १.२ अँपिअर-तास, ७५ अँपिअर-तासांची बॅटरी महिनाभर काढते. ०.५ ला दिवसाचे १२. १ अँपिअरला २४, म्हणजे दीड दिवसात अर्धी, आणि अर्ध्यावर आलेली बॅटरी, त्यात जुनी असली तर, डिझेल इंजिनचा सेल्फ नीट फिरवत नाही. तुमचा ट्रॅक्टर किती दिवसांनी बसतो ते तुम्हाला माहीत आहे, तर किती अँपिअर गळती निघायला पाहिजे याचा अंदाज मीटर लावायच्या आधीच करता येतो. मीटरचा आकडा त्या अंदाजाच्या जवळपास आला नाही तर गळती कधीतरीच होणारी आहे, ती पुढं सांगतो.

आता सगळीकडं हेच सांगतात की एक-एक फ्यूज काढत जा, ज्यानं आकडा पडेल ती लाइन खराब. बरोबर आहे, पण आपल्याकडच्या गाड्यांना हे अर्धवटच लागू पडतं. कंपनीतून येताना ट्रॅक्टरच्या पॉझिटिव्ह खुंटीवर एक जाड वायर स्टार्टरला जाते, सोबत फार तर एखादी. आज आपल्या गावात कोणत्याही ट्रॅक्टरचं बोनेट उघडा आणि त्या खुंटीवरच्या वायरी मोजा. टेप, ॲम्प्लिफायर, एलईडी पट्ट्या, मोबाइल चार्जर, म्युझिकल हॉर्न, जीपीएस, सगळं तिथंच बांधलेलं. त्या फ्यूज बॉक्समधून जातच नाहीत, मग फ्यूज काढून काय सापडणार? माझं तर पक्कं मत झालंय की शोरूममधून निघाल्यावर जी वायर टाकली तिच्यावर पहिला संशय घ्यायचा आणि कंपनीच्या वायरिंगवर सगळ्यात शेवटी.

आर्णीकडच्या एका काकांचा ट्रॅक्टर होता, वर लिहिलं तसंच अगदी, एक दिवस उभा चालायचा, दोन दिवस नाही. काका म्हणे, "काल तं एका झटक्यात चालू झाला बाप्पा, आज काय झालं याले?" दुसरी बॅटरी टाकून झाली होती. मीटर लावला तर ०.८६. दोन दिवसांचे एक्केचाळीस अँपिअर-तास, बॅटरी ७५ ची, हिशोब चपखल बसला. फ्यूज बॉक्समधले सगळे फ्यूज काढले, आकडा हललासुद्धा नाही. मग पॉझिटिव्ह खुंटीवरच्या बारीक वायरी एकेक सुटी केली. ॲम्प्लिफायरची काढली, ०.८६ चे ०.१९ झाले. टेपची काढली, ०.०४. राहिलेले ०.०४ त्या मोबाइल चार्जरचे निघाले, ज्याच्यावर लाल आकड्यांत व्होल्टेज दिसतं, तो चोवीस तास पेटलेला, आणि काकांना ते आवडायचं की अंधारात बॅटरी दिसते म्हणून.

टेपचं प्रकरण थोडं सविस्तर सांगतो कारण दहातल्या बऱ्याच केस इथंच निघतात. बाहेरून घेतलेल्या टेपला पिवळी वायर मेमरीसाठी थेट बॅटरीवर लागते, ती काही मिलीअँपिअरच घेते. लाल वायर चावीच्या लाइनवर जायला पाहिजे, म्हणजे चावी बंद तर टेप बंद. काळी अर्थिंगची. निळी किंवा निळी-पांढरी ॲम्प्लिफायरला चालू-बंदचा इशारा देते. आता पोरांना पाहिजे असतं की चावी काढली तरी गाणं वाजलं पाहिजे, धुऱ्यावर जेवताना, तान्ह्या पोळ्याला, वरातीत. मग फिटर काय करतो, लाल आणि पिवळी एकत्र पिळून थेट बॅटरीवर. ॲम्प्लिफायरची इशाऱ्याची वायरसुद्धा पॉझिटिव्हला शॉर्ट करून ठेवतो, एक वायर ओढायची वाचली. टेपचं बटण बंद केलं की पडदा विझतो, आवाज बंद, माणसाला वाटतं बंद झालं. ॲम्प्लिफायर मात्र सीटखाली कोमट होऊन पडलेला असतो. हात लावून बघा, सकाळी सकाळी सगळं लोखंड गार आणि तो एकटा कोमट असेल तर मीटरची गरजच नाही.

काकांच्या पोराला गाणं सोडायचं नव्हतं, त्याचंही बरोबर आहे. मग लाल वायर एका साध्या स्विचवरून घेतली, ॲम्प्लिफायरची इशाऱ्याची वायर टेपच्या निळीला जोडली, आणि बॅटरीपाशी सगळ्यांना मिळून एक फ्यूज टाकला, कारण आधी तिथं फ्यूजच नव्हता आणि उघड्या जाड वायरीनं कुटारात (भुशात) उभ्या ट्रॅक्टरला आग लागायला किती वेळ लागतो. चार्जर चावीच्या लाइनवर घेतला. मीटर ०.००. पाच मिनिटं लावून ठेवला तरी तेच.

ते ०.०४ छोटं वाटतं म्हणून सोडू नका. ऐन कामाच्या दिवसांत चालतं, ट्रॅक्टर रोज चालू होतो. पण पेरणी झाली, डवरणी बैलांनीच केली, ट्रॅक्टर आषाढ-श्रावण नुसता उभा. दिवसाचा एक अँपिअर-तास धरला तरी दोन महिन्यांत साठ गेले, आणि बॅटरी रिकामी राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचा कडक थर बसतो, तो मग चार्ज करूनही पूर्ण निघत नाही. सोयाबीन काढायच्या वेळी बॅटरी गेली असं जे म्हणतात त्यातल्या पुष्कळ पावसाळ्यातच गेलेल्या असतात.

पिकअप किंवा कार असेल तर पद्धत थोडी बदलते. दार उघडलं, रिमोट जवळ आला की गाडीतले कॉम्प्युटर जागे होतात आणि दोन-चार अँपिअर खातात, ते खरं लीकेज नाही. बोनेट उघडं ठेवा, दाराचं लॅच स्क्रू-ड्रायव्हरनं दाबून बंद समजायला लावा, चावी घरात ठेवा, अर्धा तास थांबा, मग आकडा धरा. आणि फ्यूज काढायचे नाहीत, काढून लावला की पुन्हा सगळं जागं होतं आणि पुन्हा अर्धा तास. त्यापेक्षा बॅटरी जोडलेलीच ठेवून, लाल वायर परत मधल्या भोकात टाकून, मीटर डीसी २०० मिलीव्होल्टवर ठेवा आणि प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर जे दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात त्यांना टोकं लावा. करंट जात नसेल तर ०.० दिसेल. जात असेल तर थोडे मिलीव्होल्ट दिसतात, १० अँपिअरच्या लहान ब्लेड फ्यूजला १ मिलीव्होल्ट म्हणजे साधारण ०.१३ अँपिअर, २० च्या फ्यूजला तेवढ्याच मिलीव्होल्टला जवळपास ०.३. नेमका आकडा नाही आला तरी चालतं, कोणत्या फ्यूजला काहीतरी दिसतंय एवढंच पाहिजे. ज्याला दिसलं त्याची लाइन धरून चालायचं, डॅशबोर्डच्या कप्प्यातला बल्ब, केबिनचा दिवा, चिकटलेला रिले.

जोडलेल्या वायरी निर्दोष, फ्यूजही निर्दोष, आणि आकडा तरीही उभा, तर अल्टरनेटर. त्याची जाड वायर थेट बॅटरीला जाते, मध्ये साधा फ्यूज बॉक्स नाही. आतला डायोड, जो करंट एकाच दिशेनं जाऊ देतो, लीक झाला की चार्जिंगही जेमतेम होतं आणि उभ्या गाडीत करंट उलटा आत जातो. सकाळी थंड इंजिनवर अल्टरनेटरला हात लावा, कोमट लागतो का. चावी बंद असताना पुलीला स्क्रू-ड्रायव्हर टेकवा, चुंबकासारखा चिकटला तर आतली कॉइल चालूच राहिलीय, मग रेग्युलेटर नाहीतर चावीचा स्विच गेला. खात्री करायची तर निगेटिव्ह सुटा असतानाच अल्टरनेटरची जाड वायर काढा, टोकाला ट्यूबचा तुकडा गुंडाळा, कारण निगेटिव्ह जोडताच त्या टोकात करंट असतो, मग मीटर परत लावा. आकडा पडला तर सापडला. डायोड प्लेट आणि रेग्युलेटर सुटे मिळतात, अख्खा अल्टरनेटर बदला म्हणणाऱ्याला आधी तेवढं विचारा.

राहिली ती त्रासदायक जात, कधी गळते कधी नाही. मीटर लावला की ०.००, आणि आठवड्यात एकदा बॅटरी बसतेच. हे बहुतेक उंदराचं काम. सोयाबीन, हरभऱ्याच्या कुटाराजवळ ट्रॅक्टर उभा असतो, उंदीर वायरीची साल कुरतडतो, उघडं तांबं चेसिसच्या मातीला लागून राहतं. माती वाळलेली असेपर्यंत काही नाही, पाऊस किंवा दवानं ओली झाली की तीच माती वायर बनते. म्हणून ही गळती दुपारच्या उन्हात शोधून सापडत नाही. मीटर लावून ठेवा आणि पाठीवरच्या फवारणी पंपात साधं पाणी भरून स्टार्टरच्या आजूबाजूला, सीटखालच्या वायरिंगवर, ट्रॉलीच्या सॉकेटवर थोडं थोडं फवारा, एक जण आकड्यावर नजर ठेवून. जिथं फवारल्यावर आकडा उठतो तिथंच खरचटलेली वायर आहे. पंप आधी नीट धुऊन घ्या, तणनाशकाचा असेल तर दुसरा आणा. सापडलेल्या जागी नुसता टेप गुंडाळला तर पुढच्या पावसाळ्यात परत तेच, वायर कापून चांगली जोडा, वर गरम केल्यावर आकुंचन पावणारी प्लॅस्टिकची नळी चढवा, आणि चेसिसपासून उचलून बांधा.

आणि तो बॅटरी कट-ऑफ स्विच, फिरवला की बॅटरी सगळ्या वायरिंगपासून तुटते तो. लोक विचारतात की रोज संध्याकाळी फिरवून टाकला तर काम भागतंय, कायले एवढी शोधाशोध? लावा की, महिनोन्महिने उभ्या ट्रॅक्टरला तो पाहिजेच. पण ०.८६ ची गळती तशीच ठेवून वरून स्विच लावला तर ज्या दिवशी सालदार तो फिरवायचा विसरेल त्याच्या परवा तुम्ही धक्का मारताना दिसाल. आणि उघड्या वायरीतून गळत असेल तर तो प्रश्न बॅटरीपुरता नाहीच, आगीचा आहे.

गळती बंद झाल्यावर बॅटरी एकदा चार्जरवर पूर्ण भरून घ्या, नुसत्या अल्टरनेटरच्या भरवशावर सोडू नका, घर ते वावर एवढ्या फेरीत खोल उतरलेली बॅटरी भरत नाही. ७५ च्या बॅटरीला सात-आठ अँपिअरच्या वर नको, दहा-बारा तास तरी लागतात, आणि रात्री लाइन जाते-येते म्हणून जास्तच धरा. काढल्यावर रात्रभर तशीच ठेवून सकाळी मोजा. १२.५ च्या वर टिकली तर वापरा, बॅटरीवाल्याला म्हणावं सध्या राहू दे.